आईबापांचा शनिवारचा वर्ग

१२ जुलै २०२५, शनिवार. बाभुळगाव

दुपारी प्राची मॅडम आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहेत, वय माझ्या लेकीएवढं, शाल्मलीएवढं. पिशवीतून सातवीच्या वह्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. "वाचा, कुंदाताई. निबंधाचा विषय 'माझे बाबा'."

पहिली वही वाचली. माझे बाबा रोज सकाळी सूट घालून कार्यालयात जातात. संध्याकाळी येताना माझ्यासाठी चॉकलेट आणतात व मला बागेत फिरायला नेतात. दुसरी उघडली तर तेच. सव्वीस मुलांपैकी सतरा जणांचे बाबा सूट घालतात. आमच्याकडे सूट घातलेला माणूस फक्त लग्नाच्या स्टेजवर दिसतो. या सतरांपैकी एका मुलाचे बाबा मागच्या वर्षी वारले. तेही रोज सकाळी कार्यालयात जातात.

फोनमधल्या एआयला विषय सांगितला की ते निबंध तयार करून देतं आणि मुलं उतरवून काढतात. मॅडम रागावलेल्या नव्हत्या. म्हणाल्या, "मुलांना मी सांगीन. पण फोन घरातला आहे. हे काय आहे ते आईबापांनाच ठाऊक नाही, मग ते पोरांना काय शिकवणार? दर शनिवारी पाच वाजता पालकांचा वर्ग घ्यायचाय. तुम्ही घ्या."

मला हसू आलं. "मला स्वतःला त्यातलं काही कळत नाही."

"म्हणूनच. नागपूरहून कोणी जाणकार बोलावला तर पहिल्या दिवशी फोटो निघतील, दुसऱ्या शनिवारी कोणी येणार नाही. तुमच्या खिडकीतून औषध नेलं नाही असं घर नाही इथे. एकच गोळी तिसऱ्यांदा समजावतानाही तुम्ही चिडत नव्हता."

खरं तर मी चिडायची. ग्रामीण रुग्णालयाच्या औषधाच्या खिडकीमागे एकतीस वर्षं काढली, रोज दुपारनंतर चिडायची. लोकांनी ते लक्षात ठेवलं नाही, हे त्यांचे उपकार.

निवृत्त होऊन दीडच महिना झालाय आणि वेळ खायला उठतो. हो म्हणून बसले.

१५ जुलै

शाल्मलीला पुण्याला फोन केला. तिचं कामच कॉम्प्युटरचं. पाऊण तास समजावत होती आणि मी वहीत लिहून घेत होते. हे वारल्यापासून आमचं बोलणं 'जेवलीस का' इथेच संपायचं. तिला माझ्यासाठी एवढा वेळ असेल असं वाटलं नव्हतं.

एक गोष्ट तिने दोनदा सांगितली. "आई, त्याला माहीत नसलं तरी ते माहीत असल्यासारखंच बोलतं. आवाजात फरक पडत नाही. हे पहिल्याच दिवशी सांग."

त्याखाली लाल रेघ मारली आहे.

१९ जुलै, शनिवार

नऊ जण आले. सातवीच्या खोलीतल्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती, त्यांची मुलं शेजारी. मी आधी तो सूटवाला निबंध वाचून दाखवला. बाबाराव हसत सुटले. पाच एकराचं वावर, त्यात कपाशी आणि थोडी तूर, आणि त्यांची मुलगी प्रेरणा वर्गात हुशार. तिचाही निबंध सतरांतलाच. ते तिला म्हणाले, "मी कवा सूट घातला वो, माय?" पोरीने मान खाली घातली. मग त्यांनीच तिच्या पाठीवर हात ठेवला.

मी म्हटलं, आता या यंत्राबद्दल काहीही विचारा. रामीबाई मजुरीला जातात, नातवाला घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "याले भूक लागते का?" म्हटलं, वीज लागते. बाबारावांनी विचारलं, "हे कोनाच्या बाजूनं बोलते?" हे मी वहीत टिपून घेतलं. शाल्मलीला विचारायला हवं.

मुद्दे छापून नेले होते. पहिला मुद्दा वाचायला बाबारावांना सांगितलं तर म्हणाले, "चष्मा घरी राह्यला, ताई." मग मीच वाचला. मुलांना घरचा अभ्यास दिला: बापाला पाच प्रश्न विचारायचे आणि निबंध नव्याने लिहायचा.

लाल रेघेचा मुद्दा वेळेअभावी राहिला. पुढच्या वेळी.

२ ऑगस्ट, शनिवार

तेवीस जण. बाकं पुरली नाहीत.

प्रेरणाने नवा निबंध वाचला. माझे बाबा ढगाकडे बघून चहा पितात. त्यांना शाळेत जायचं होतं पण गुरं राखायला पाठवलं. त्यांना पावट्याची भाजी आवडत नाही हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. तिची आई इंदूबाई पदराआड हसत होती. बाबाराव खिडकीबाहेर बघत होते, मला वाटतं भाजीचं उघड झालं म्हणून.

नंतर मी यंत्राची परीक्षा घेतली. दहा किलोच्या मुलाला ताप आला तर औषध किती द्यायचं? उत्तर अगदी बरोबर आलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "माझ्याइतकंच नेमकं सांगतं की हे." टाळ्या पडल्या. माझ्या बोलण्याला टाळ्या पडायची ही पहिलीच वेळ.

शाल्मलीचा मुद्दा त्यात राहून गेला. खरं लिहायचं तर टाळ्यांनंतर तो सांगावासा वाटला नाही.

बाबाराव आजही चष्मा विसरले होते, पण मी आमच्या ह्यांचा जुना चष्मा आठवणीने नेला होता. त्यांनी तो लावला, कागद बराच वेळ धरला आणि प्रेरणाकडे दिला. "तू वाच, तुहा आवाज मोठा हाय." नंबर जुळला नसावा. तरी आभार मानून चष्मा घरी घेऊन गेले. भिडस्त माणूस.

२३ ऑगस्ट

काल पोळा झाला. बैल चिखलातूनच मिरवले. पावसामुळे तीन शनिवार वर्ग नाही. शेतांत पाणी साचलंय, कपाशी पिवळी पडत्येय, आणि ज्यांची उभी आहे ते गुलाबी अळीच्या धास्तीत. बाहेरच्या देशातून कापूस येणार, भाव पडणार, हेच सगळीकडे ऐकू येतं. अशात मी वर्गाची आठवण कुणाला करून द्यायची?

१८ सप्टेंबर, गुरुवार

झालं ते आजच लिहून ठेवते.

दुपारी दीडच्या सुमारास प्रेरणा धावत आली. "काकू, बाबा उलट्या करून राह्यले. दवाखान्यात आनलं." माझं घर रुग्णालयाच्या मागेच. पोचले तेव्हा बाबाराव स्ट्रेचरवर होते, घामाने भिजलेले, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. असे डोळे मी या जिल्ह्यात पुष्कळ पाहिलेत. फवारणीच्या औषधाची विषबाधा.

डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन लगेच ॲम्ब्युलन्समधून यवतमाळला पाठवलं. इंदूबाई, प्रेरणा आणि मी सोबत गेलो. वाटेत इंदूबाईंनी सांगितलं की सकाळपासून पंप पाठीवर होता, कपाशीची पऱ्हाटी डोक्यापर्यंत वाढलेली, तोंडाला नुसता रुमाल. "औषध जरा कडक वाटून राह्यलं म्हनत होते. मी म्हनलं फोननं सांगतलं ना, मंग बरोबरच असन."

मी विचारलं, "फोनने म्हणजे?"

प्रेरणा खिडकीला डोकं टेकून बसली होती. तिने हातातला फोन पालथा केला.

१९ सप्टेंबर, यवतमाळ

डॉक्टर म्हणतात पहिले दोन दिवस महत्त्वाचे. बाबाराव मधूनच बडबडतात, ओळखत नाहीत.

प्रेरणा कालपासून जेवली नाही. सकाळी व्हरांड्यात माझ्याजवळ आली आणि फोन माझ्या मांडीवर ठेवला. "तुमीच ठेवा हे."

मी तिचा प्रश्न वाचला. सोबत अळी लागलेल्या बोंडाचा फोटो होता. पंधरा लिटरच्या पंपात औषध किती टाकायचं, असं तिने नीट, स्पष्ट विचारलं होतं. उत्तरही नीट आणि स्पष्ट होतं. फक्त एका एकराला लागतं तेवढं औषध त्याने एका पंपात टाकायला सांगितलं होतं. शेवटी बारीक ओळ होती, वापरण्यापूर्वी लेबल वाचा.

"मी बाबाले सांगतलं होतं," ती म्हणाली. "खाली लिहिलं हाय, डब्यावरचं वाचा म्हनून. बाबा म्हने चष्मा सापडून नाई राह्यला. मंग मीच वाचाले पाह्यजे होतं. डबा वावरात होता आन् मी शाळेत गेली."

मी म्हटलं, "अगं, चष्मा तर मी दिला होता."

इंदूबाई मागे उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "त्याइले कायचा चष्मा लागते, ताई? त्याइले वाचताच येत नाई. लग्नात मले बी नाई सांगतलं. चार वर्सांनं कळलं."

 एकतीस वर्षं खिडकीतून चिठ्ठ्या दिल्या, 'यावर लिहिलंय तसं घ्या' म्हणाले. किती जण मान हलवून गेले असतील.

मग मी प्रेरणासमोर खाली बसले. तिला सांगितलं की हे यंत्र माहीत नसलं तरी ठामपणे बोलतं, हे मला जुलैतच माहीत होतं. लाल रेघ मारून ठेवलं होतं आणि मी सांगितलं नाही. तुझी चूक नाही, माझी आहे. तिने ऐकलं. तिला पटलं असं मला वाटत नाही. पण अर्धी पोळी खाल्ली.

२२ सप्टेंबर

बाबाराव शुद्धीवर आहेत, पाणी प्यायले, लोकांना ओळखतात. देवाला, डॉक्टरांना, रात्रपाळीच्या त्या सिस्टरला, कुणाकुणाला हात जोडू असं झालंय.

प्रेरणा दारातच थांबली होती. त्यांनी तिला बोटाने जवळ बोलावलं. खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "काहून रडून राह्यली? तू विचारलं. टाकलं मी. पंप माह्या पाठीवर होता."

ती त्यांच्या हातावर कपाळ टेकून रडली. मी बाहेर आले. शाल्मलीला फोन लावला आणि पहिल्यांदाच तिच्याजवळ सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "उद्या येते." म्हटलं, कामाचं काय? तर म्हणे, "काम राहील तिथेच." आली तर बरं. तिलाही इथे काही काम निघालं असेल.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज कोणी येणार नाही असं धरून गेले होते. एकेचाळीस जण आले, काही तर व्हरांड्यात उभे. बाबाराव मागच्या भिंतीला टेकून, गळ्याभोवती टॉवेल.

मी उभी राहिले. जे प्रेरणाला सांगितलं तेच सगळ्यांना सांगितलं. लाल रेघेचं, टाळ्यांचं, सगळं. शेवटी म्हटलं, "तुम्हाला दुसरं कुणी शिकवणारं हवं असेल तर मला वाईट वाटणार नाही." हे खोटं होतं, वाईट वाटलंच असतं.

 मग बाबाराव भिंत सोडून पुढे आले. "ताईची चूक अर्धी. अर्धी माही. मले वाचता येत नाई. चष्म्याचं मी झूठ बोललो." ते मुलीकडे बघत नव्हते. "पोरीनं बराबर सांगतलं होतं, डब्यावरचं वाचा. वाचता आलं असतं तं वाचलं असतं."

बाहेर एक बकरी ओरडली. मग रामीबाई म्हणाल्या, "मले बी नाई येत. पन मी चष्म्याचं नाव नाई सांगतलं कधी." हशा झाला, आणि त्या हशात आणखी चार हात वर आले. एक हात अशा माणसाचा, ज्याच्याशी मी बावीस वर्षं चिठ्ठीवरून वाद घातलेत.

प्राची मॅडमनी तिथेच ठरवलं: पाच ते सहा एआयचा वर्ग, त्याआधी चार ते पाच वाचायचा. मुलं आईबापांना शिकवणार. आणि फवारणी, औषध, दवाखाना यांबाबत फोन काहीही म्हणो, घरातल्या दोघांनी डब्यावरचं वाचायचं आणि ज्याचं नाव आपल्याला माहीत आहे अशा एका माणसाला विचारायचं. हा नियम मॅडमनी फळ्यावर लिहिला. पुसू नका असंही लिहिलं.

शाल्मली शेवटच्या बाकावर होती. येऊन बारा दिवस झाले, जायचं नाव काढत नाही. पुण्यात तिचं इतकं काय अडत नसेल.

८ नोव्हेंबर, शनिवार

वेचणी सुरू झाली, तरी चारचा वर्ग भरतो. भिजलेल्या कापसाला भाव नाही, व्यापारी तो हातात चुरडून नाकं मुरडतात, आणि कापूस वेचणाऱ्या बोटांत खडू धरून माणसं इथे अक्षरं गिरवतात. बाबाराव तीन अक्षरांच्या शब्दांपर्यंत आले आहेत.

प्रेरणा मात्र फोनला हात लावत नाही. एआयचा वर्ग सुरू झाला की उठून बाहेर बसते. मॅडमनी, मी, शाल्मलीने, सगळ्यांनी सांगून पाहिलं.

आज बाबाराव तिला म्हणाले, "हे कमळ-मगरचे धडे लेकरायचे हायेत. मले कंटाळा आला. माह्या वावराचा धडा पाह्यजे. त्या मशीनकून बनवून दे."

ती म्हणाली, "मी नाई."

"मंग कोन देईल? मले तं त्याच्याशी बोलता येत नाई." आणि कागद-पेन्सिल घेऊन बसून राहिले. हलेनात. इंदूबाईंनी चला म्हटलं तरी हलेनात.

शेवटी पोरीने माझ्याकडून फोन घेतला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. माणूस हट्टी आहे. पहिलीच्या धड्यांचा एवढा कंटाळा यावा याचं मला नवल वाटलं, मागच्याच शनिवारी 'मगर' वाचून खूश झाले होते.

११ नोव्हेंबर

शाल्मलीने पुण्याच्या कंपनीकडून इथूनच काम करायची परवानगी घेतली आहे. मी म्हटलं, कंपनी बरी दिसते. ती म्हणाली, "हो, बरी आहे." आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. बरं वाटलं.

१३ डिसेंबर, शनिवार

आजचा दिवस विसरायचा नाही म्हणून घरी आल्या आल्या लिहायला बसले.

प्रेरणाने यंत्राकडून बापासाठी धडा तयार करून घेतला होता. मोठी अक्षरं, सोपी वाक्यं, तिने छापूनही आणला. आधी वाचून बघितला नव्हता, बाबांनीच पहिल्यांदा वाचायचा असं ठरलं होतं. बाबाराव फळ्याजवळ उभे राहिले. इंदूबाई पहिल्या बाकावर, प्रेरणा त्यांच्याशेजारी.

"बाबाराव... शे-तकरी आहेत. त्यांच्या... शेतात... कापूस... आहे." एकेका शब्दाला दम लागत होता. मी एका ठिकाणी सांगायला तोंड उघडलं तर प्रेरणाने माझा हात धरला. "थांबा ना काकू. येते त्याइले."

"ते... जून... महि-न्यात... कापूस... वेचायला... जातात."

ते थांबले. वाक्यावर बोट ठेवून परत सुरुवातीला आले. "ते. जून. महिन्यात." पुन्हा थांबले. कपाळावर घाम. मला वाटलं अक्षर अडलं. तिसऱ्यांदा त्यांनी मनातच वाचलं, ओठ हलताना दिसत होते. मग कागद खाली घेऊन मुलीला विचारलं, अगदी हळू, जणू बाकीच्यांनी ऐकू नये: "जून म्हनजे पेरनीचाच जून ना? का मी वाचून राह्यलो थे चुकून राह्यलो?"

प्रेरणा उठली. त्यांच्या हातातल्या कागदात डोकावून तिने वाचलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. "तुमी बराबर वाचलं, बाबा. थेच चुकलं."

"पक्कं?"

"पक्कं. जूनमंदी पेरतेत, येचत नाई. त्याले मालूम नाई."

बाबारावांनी कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला. आयुष्यभर कागदासमोर चुकणारे आपणच, अशी त्यांची खात्री होती. मग ते पोरांकडे वळले, सातवीच्या सव्वीसही पोरांकडे, आणि कागद उंच करून म्हणाले, "पाहा रे. किती झ्याक अक्षर हाय, किती बराबर बोलल्यावानी लिहिलं हाय. आन् चूक हाय. मले कसं कळलं? मी वावरात जातो म्हनून. तुमाले जे सोताले मालूम हाय, थे याच्या म्हनन्यानं सोडाचं नाई. आन् मालूम नसन, तं मालूम असनाऱ्याले विचाराचं."

पाच महिने मी जे शिकवू पाहत होते ते एवढंच होतं.

त्यांनी माझ्याकडे पेन्सिल मागितली. कागद भिंतीवर धरला, 'जून महिन्यात' वर आडवी रेघ मारली, आणि वरती सावकाश, जीभ दातांत धरून लिहिलं: दिवाळीनंतर. वेलांटी पहिली की दुसरी, ते मी पाहिलं नाही.